चौतीस गुणांचा चोक

स्वप्नालीची पत्रिका छत्तीसपैकी चौतीस गुणांनी जुळली, वाजतगाजत लग्न झालं, आणि अकराव्या महिन्यात ती एक बॅग आणि सुजलेलं मनगट घेऊन माहेरी परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे सन दोन हजार तेवीस. तिच्या बापाला, केरूला, ते वर्ष दुसऱ्या कुठल्या खुणेने आठवत नसे. दुबईत त्या साली कुठला टॉवर उभा राहिला आणि कुठला पूल झाला ते लोक सांगत बसत. केरू विचारी, "पोरगी परत आली ते वर्ष ना? मग बोला पुढे."

केरू लांजा तालुक्यातला. दुबईला येऊन त्याला बावीस वर्षं झालेली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कामगारांच्या खोल्यांपासून दहा मिनिटं चाललं की 'अल मुनासिब स्पोर्टिंग ट्रेडिंग' लागायचं. पुढे काचेचं शोरूम, मागे गोदाम, आणि गोदामाच्या कोपऱ्यात एक लांब टेबल. त्या टेबलाशी केरूची सतरा वर्षं गेली. कंपनीचा धंदा बंदुकांच्या सामानाचा. नावाने दचकायला होतं, पण सगळं परवान्यातलं. वाळवंटाकडच्या क्लबांत हौशी लोक मातीच्या तबकड्या हवेत उडवतात आणि छऱ्यांच्या बंदुकीने फोडतात, त्या खेळाचं हे सामान. चाप ओढला की पुढचं काडतूस आपलं आपण वर घेणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुका, आणि त्यांना लागणारे खांद्याचे पॅड, स्प्रिंगा, दस्ते आणि चोक.

चोक म्हणजे बोटभर लांबीची पोलादी नळी. ती बंदुकीच्या तोंडात आतून पिळून बसवायची. छरे किती पसरायचे ते ती ठरवते. दिसायला सगळे चोक सारखे, चुलतभावंडांसारखे. पण एकाचे आटे बारीक, दुसऱ्याचे जाड; एक अर्ध्या केसाने रुंद, दुसरा अर्ध्या केसाने अरुंद. आणि त्याच कंपनीने त्याच नावाची बंदूक चार वर्षांनी नव्याने काढली, की जुने चोक तिला बसत नाहीत. हे केरूला शिकवलं अबरार उस्तादने.

अबरार पाकिस्तानातल्या गुजरातचा. तिकडेही एक गुजरात आहे हे केरूला दुबईत आल्यावर कळलं. पासष्टीचा माणूस, दाढी मेंदीने लाल, डोळ्यांत मोतीबिंदू. पण पार्ट तपासताना तो डोळे मुद्दाम मिटून घ्यायचा. दोन बोटांत चोक धरायचा, नळीच्या तोंडाला टेकवायचा आणि फिरवत ओठांतल्या ओठांत फेरे मोजायचा. नऊ फेरे सुरळीत गेले तर पास. मध्ये कुठे अडलं, तर तिथल्या तिथे काढून शेजारच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्या डब्याला 'नापास' म्हणायचे. पाना वापरायची मनाई होती.

"उँगली से नहीं जाता ना, केरू भाई? तो हटाओ. ये किसी और का है."

बाहेरच्या कारखान्यांचा माल यायचा, त्याच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की हा पार्ट सर्व बंदुकांना बसतो. त्यातला निम्मा माल उस्तादच्या हातून नापास डब्यात जायचा. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि सतरा वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाच्या बोटाला साधं खरचटलंही नव्हतं.

मग लॅन्सीसाहेब मॅनेजर म्हणून आले.

लॅन्सी वसईचा. अल मनखूलला राहायचा, बायको ओल्गा तिथल्याच एका ऑफिसात. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त जी वस्तू जशी आली तशी तिला राहू द्यायची नाही, एवढीच त्याची खोड. त्याची गाडी एका कंपनीची, तिचा मागचा पंख दुसऱ्या कंपनीचा, दिवे तिसऱ्या, आणि भोंगा कुठल्या तरी ट्रकचा. मागचा वायपर चालू केल्याशिवाय डिकी उघडायची नाही. वाळवंटात पाऊस नाही म्हणून बरं, पण लॅन्सी रोज सामान काढायला कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा, आणि कोणी हसलं तर म्हणायचा, "अरे, अपग्रेड आहे ते. तुला नाय कळणार."

त्याने पहिल्याच आठवड्यात नापास डबा बघितला.

"हे काय रे, केरूभाऊ? हा सगळा स्टॉक असा भंगारात?"

"बसत नाही, सर."

"बसत नाही म्हणजे? खोक्यावर लिहिलंय, बसतं! एक चोक नव्वद दिरहॅम, म्हणजे रफली दोन हजार रुपये. आणि हा म्हातारा डोळे मिटतो नि डब्यात टाकतो? यात सायन्स कुठंय? डेटा कुठंय?"

उस्तादला मराठी कळत नव्हतं, पण 'डेटा' कळला. तो मान न वळवता म्हणाला, "डेटा उँगली में है, हबीबी."

लॅन्सीला हे लागलं. महिन्याभरात त्याने विघ्नेशला आणला.

विघ्नेश तिशीचा पोरगा, डोंबिवलीचा, कॉम्प्युटरवाला. चेहऱ्याने सज्जन, बोलायला गोड, आणि कामाचा इतका वेगवान की लॅन्सीने तीन महिने दिले तर त्याने अकरा दिवसांत सगळी यंत्रणा उभी केली. बंदुकीचं मॉडेल टाकायचं, पार्टचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं. पडद्यावर दोन सोनेरी कड्या एकमेकांत गुंतायच्या आणि खाली गुण यायचे. नाव ठेवलं 'परफेक्ट मॅच'. लॅन्सी तर वेडाच झाला. अकरा दिवसांत एवढं कसं केलंस, हे त्याने विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

ऑगस्टात उद्घाटन झालं. केक आणला. केकवर त्याच दोन कड्या. पहिला तुकडा लॅन्सीने अबरार उस्तादच्या तोंडात भरवला आणि तुकडा गिळून व्हायच्या आत त्याला सांगितलं, की कंपनी तुमचे खूप उपकार मानते, आता तुम्ही घरी जाऊन आराम करा, तिकीट आम्ही देतो. टाळ्या वाजल्या. उस्तादच्या दाढीला मलई लागली होती. ती त्याने पुसली नाही, केरूने पुसली.

निघताना उस्तादने केरूला एक वस्तू दिली. पोलादाच्या पातळ पट्ट्यांची फणी, प्रत्येक पट्टीला वेगळे दात. आट्यांत पट्टी टेकवायची. दात बसले की आटे कुठले ते कळतं. आणि म्हणाला, "बोटं थकली की ही. पण आधी बोटं."

हिंदीत म्हणाला, पण केरूला ते कायम मराठीत आठवायचं.

उस्ताद गेला आणि केरूला बढती मिळाली. कार्डावर छापून आलं: सीनियर कम्पॅटिबिलिटी ऑफिसर. व्हिसावर अजून 'सफाई कामगार' होतं, पण लॅन्सी म्हणाला ते फक्त कागदावर. केरूला कळेना, की कार्डही कागदच ना? त्याचं काम एकच. यंत्रणेतून सर्टिफिकेट छापून यायचं, त्याच्या खाली सही करायची. पार्ट बंदुकीला बसवून बघायचा नाही. त्यात वेळ जातो. गुण अठराच्या वर असले की पास.

"अठराच का?" केरूने विचारलं.

"सिस्टम म्हणते," लॅन्सी म्हणाला. "छत्तीसपैकी अठरा. फिफ्टी पर्सेंट. स्टँडर्ड आहे ते, इंटरनॅशनल."

छत्तीस हा आकडा केरूच्या कानात काट्यासारखा बसला. पण दुबईत बावीस वर्षं काढलेला माणूस ऑफिसच्या आकड्यांना प्रश्न विचारत नाही.

दोनच आठवड्यांत एक चमत्कार दिसायला लागला. इटलीची बंदूक आणि त्याच इटलीच्या कंपनीचा अस्सल चोक टाकला, की पडद्यावर लाल फुली यायची. जुळत नाही. जर्मन बंदुकीला जर्मन स्प्रिंग, फुली. तुर्की बंदुकीला तिच्याच कारखान्यातला दस्ता, फुली. आणि कुठल्या तरी अनोळखी कारखान्याचा 'सर्वांना बसतो' लिहिलेला माल टाकला, की अठ्ठावीस, एकतीस, तेहतीस. सोनेरी कड्या. गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडली. लॅन्सीने त्यांना समजावलं, "सर, ओरिजिनल इज नॉट ऑल्वेज कम्पॅटिबल. सिस्टम इज व्हेरी ॲडव्हान्स्ड." लोकांनी अस्सल पार्ट परत केले आणि नकली घेऊन गेले. त्यातले काही बसले, काही कपाटात पडून राहिले. शिकलेली माणसं, यंत्राने सांगितल्यावर हाताला काय वाटतं ते सांगायची त्यांना लाज वाटली असणार.

नेहमीच्या लोकांना केरू शोरूमच्या दाराबाहेर गाठायचा आणि हळूच सांगायचा, "साब, पहले उँगली से घुमाके देखो." एवढीच त्याची हिंमत.

ऑक्टोबरात एका खांद्याच्या पॅडचं सर्टिफिकेट सहीला आलं. सगळा मजकूर इंग्रजी. केरूला इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, अर्थ लागायचा नाही. पण सगळ्यात खाली एक ओळ मराठीत होती. केरूने चष्मा पुसून ती तीनदा वाचली.

'घरकामाची आवड: आहे.'

तो कागद घेऊन विघ्नेशच्या टेबलाशी गेला. "विघ्नेश, बाळा, हे रबराचं पॅड आहे ना?"

"हो काका."

"याला घरकामाची आवड आहे?"

विघ्नेशने कागद बघितला. त्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि केरूला खुर्ची ओढून दिली.

"काका, कुणाला सांगू नका. मी आधी ठाण्याला एका लग्नाच्या वेबसाइटवर होतो. मॅचिंगचं इंजिन मीच लिहिलेलं. चांगलं होतं हो! लॉजिक तेच ना? दोन गोष्टी घ्यायच्या, जुळतात का बघायचं. मग नव्याने कशाला लिहायचं? नावं बदलली."

"कसली नावं?"

"वराच्या जागी बंदूक. वधूच्या जागी पार्ट. उंचीच्या जागी लांबी. वर्ण गोरा, निमगोरा, सावळा होता, तिथे चकचकीत, मॅट, काळा. 'पहिलं लग्न की दुसरं' होतं, तिथे नवं की वापरलेलं. एक-दोन ओळी बदलायच्या राहिल्या असतील."

केरूने कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्याला ते आपोआप दिसलं, जसं अंधाराला डोळे सरावले की खोलीतलं सामान दिसतं.

"आणि गोत्राच्या जागी काय घातलंस?"

"बनवणारी कंपनी."

"अरे माझ्या देवा," केरू म्हणाला. "मग इटलीच्या बंदुकीला इटलीचा चोक कसा चालेल? सगोत्र झाले ना ते!"

विघ्नेशने तोंडावर हात ठेवला. केरूला हसू फुटलं. स्वप्नाली परत आल्यापासून तो पहिल्यांदा हसला. असा हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही.

लॅन्सीला सांगावंच लागलं. त्याने शांतपणे ऐकलं, उठला, केबिनचं दार लावलं.

"म्हणजे ओरिजिनल पार्ट सिस्टम स्वतःहून रिजेक्ट करते?"

"हो सर. मी आज दुरुस्त करतो."

"हात लावायचा नाय!" लॅन्सी म्हणाला. "अरे, ओरिजिनलवर आपल्याला मिळतं काय? चहाचे पैसे. हे तर देवानेच केलंय. तुमच्या देवाने केलंय की आमच्या, ते नंतर बघू. ती मराठी लाइन तेवढी काढ."

केरू म्हणाला, "सर, पण नळीत चोक नीट नसला तर छरे त्याच्या कडेला आपटतात. नळी फुटते. बंदूक धरणाऱ्याचा हात..."

"केरूभाऊ," लॅन्सीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तू यंदा साठचा होतोस ना? साठीच्या माणसाला कंपनी ठेवते ती मॅनेजरच्या लेटरवर. तुझं लेटर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही राहिलीय. तू तुझ्या सह्या कर, मी माझी करतो. खलास."

घरी स्वप्नालीने नुकतंच नर्सिंगला नाव घातलं होतं. रोज फोनवर ती बापाला एकेका हाडाचं नाव सांगायची, इंग्रजीतून, आणि बापाकडून म्हणून घ्यायची. मनगटातली आठ हाडं तिने पहिल्यांदा पाठ केली. तीन वर्षांचं शिक्षण. केरू सह्या करत राहिला.

नोव्हेंबरात एमान आली. एमान इथलीच मुलगी, बाविशीची, काळ्या अबायाखाली खेळाचे बूट. बारा-तेरा वर्षांची असताना बापाच्या बोटाला धरून शोरूममध्ये यायची आणि उस्तादच्या टेबलाशी उभी राहून त्याच्याबरोबर फेरे मोजायची, अरबीत. आता ती चांगली नेमबाज झाली होती. शनिवारी निवडीची स्पर्धा, आणि तिच्या बंदुकीचा चोक क्लबात कुणीतरी पाडून चेपवला होता.

"केरू भाई, केफ हालक? उस्ताद किधर?"

"गाँव गया, बेटा."

लॅन्सी लगबगीने पुढे आला. बंदुकीचं मॉडेल टाकलं, चोकचा नंबर टाकला, बटण दाबलं. कड्या गुंतल्या. लॅन्सीने पडदा तिच्याकडे वळवला, जसा सोनार आरसा वळवतो.

"थर्टी फोर आउट ऑफ थर्टी सिक्स, मॅडम! हायेस्ट एव्हर!"

चौतीस.

स्वप्नालीच्या पत्रिकेलाही चौतीसच आले होते. मुलगा बघायला गेले होते तेव्हा नर्मदेने, त्याच्या बायकोने, तिकडून व्हिडिओ लावून दिला होता. मुलगा सोफ्यावर बसलेला. त्याने टीव्हीचा रिमोट घ्यायला हात लांब केला, आणि शेजारी बसलेली त्याची आई दचकून मागे सरली. एवढंच. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. केरूने ते दुबईत बसून पाहिलं होतं. त्याला तेव्हाच कळलं होतं, बोटाला आटा अडल्यासारखं. पण भटजींनी कागद वर धरला, चौतीस म्हणाले, घरचे सगळे खूश झाले, आणि केरू फोनमध्ये म्हणाला, "कागद चांगला आहे ना, मग करा."

लॅन्सीने सर्टिफिकेट छापून त्याच्यासमोर ठेवलं. वर पेन ठेवलं. "यल्ला, केरूभाऊ. मॅडमना उशीर होतो."

केरूने पेन उचललं नाही. चोक उचलला, एमानची बंदूक नीट मोकळी आहे ना ते बघितलं, डोळे मिटले आणि दोन बोटांनी फिरवायला लागला. एक. दोन. तीन. चार. तिथे अडला. त्याने काढला. फणी काढून आट्यांना लावली. या बंदुकीच्या आट्यांच्या पट्टीचे दात बसेनात. चार आट्यांपुरते बसल्यासारखे वाटायचे, मग आट्यांवर चढायचे.

"नाही बसत," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "बेटा, ये तुम्हारा नहीं है."

"पाना लाव ना!" लॅन्सी मराठीत दातांतल्या दातांत म्हणाला. "थोडा जोर लाव. तेल लाव."

"जोर लावला तर जाईल, सर. एक वेळ जाईल."

"सही कर."

"नाही करत."

"तुझं लेटर..."

"ते तुमच्याकडेच असू दे," केरू म्हणाला. "एका पोरीच्या वेळी मी कागदाला हो म्हटलं. आता नाही म्हणणार."

एमानला मराठी कळत नव्हतं. पण ती डोळे मिटून फेरे मोजत मोठी झाली होती. तिने चोक घेतला, स्वतः फिरवला. वाहिद, इथनेन, थलाथा, अरबा. थांबली. मग लॅन्सीकडे बघून इंग्रजीत म्हणाली, की तुमच्याकडे याच मॉडेलची नमुन्याची बंदूक आहे ना? तिला बसवा. क्लबात चला. तुम्ही झाडून दाखवा, मी विकत घेते.

लॅन्सीचा यंत्रणेवर खरोखरच विश्वास होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तो म्हणाला, "व्हाय नॉट?" त्याने स्वतः पाना लावून, कपाळाच्या शिरा फुगवून, तो चोक कंपनीच्या बंदुकीत घुसवला. मग सगळे त्याच्या गाडीतून क्लबात गेले. बंदूक डिकीतून काढायला वायपर फिरवावा लागला.

क्लबात केरूने हट्ट धरला, की हातात धरून झाडायची नाही. तिथे तपासणीसाठी लोखंडी घोडा होता. त्यात बंदूक आवळायची आणि भिंतीआडून दोरीने चाप ओढायचा. लॅन्सी हसला. "केरूभाऊ, तू ना, हेल्मेट घालून जेवशील." पण एमानने घोड्याकडे बोट दाखवलं, आणि एमान गिऱ्हाईक होती. सगळे भिंतीमागे उभे राहिले. दोरी लॅन्सीने स्वतः धरली. ओढताना त्याने विघ्नेशला फोनवर व्हिडिओ काढायला सांगितलं, जाहिरातीसाठी.

आवाज नेहमीसारखा आला नाही. दोन आवाज आले, एकात एक अडकलेले.

धूर गेल्यावर त्यांनी जाऊन पाहिलं. नळीचं तोंड केळफुलासारखं उमललं होतं. पोलादाच्या चार पाकळ्या मागे वळलेल्या, आतून काळ्यानिळ्या. चोक गेला तो वाळूत कुठे गेला, आजतागायत सापडला नाही. ज्या जागी नेमबाजाचा डावा हात असतो, तिथला लाकडी दस्ता उभा चिरला होता. एमानने आपला डावा हात त्या चिरेवर ठेवून पाहिला आणि पटकन मागे घेतला.

लॅन्सीने एका पाकळीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "विघ्नेश, रेकॉर्डिंग बंद कर."

विघ्नेशने बंद केलं, पण तोवर एमानने आपल्या फोनवर काढलेलं पाठवून झालं होतं. अरबाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला. तो तिच्या बापाचा जुना मित्र. सतरा वर्षांत केरूने त्याला पाच वेळा पाहिला असेल. त्या संध्याकाळी तो आला, अंगात पायघोळ पांढरी कंदूरा, हातात माळ. त्याने फुललेली नळी उचलून उजेडात धरली. पडद्यावरच्या कड्या बघितल्या. लॅन्सी डेटाबद्दल बोलत होता, ते त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. मग एकच प्रश्न विचारला.

"वो बुड्ढा किधर? जो आँख बंद करता था?"

केरू म्हणाला, "पाकिस्तान भेज दिया, अरबाब."

"वापस बुलाओ."

यापुढे जे झालं ते ऑफिसांत होतं तसंच. लॅन्सीची नोकरी गेली असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने कधी ऑफिसात काम केलेलं नाही. लॅन्सीने चार पानी अहवाल लिहिला, की माझ्या नेतृत्वाखाली कंपनीने स्वतःहून एक कठोर चाचणी घेतली आणि मोठा धोका वेळीच ओळखला. त्याला हेड ऑफ सेफ्टी केलं. फुललेली नळी शोरूममध्ये काचेच्या पेटीत ठेवली, खाली पाटी: 'आम्ही तपासतो.' विघ्नेशने गोत्राची अट काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी इटलीच्या बंदुकीला इटलीचा चोक चालायला लागला, आणि लॅन्सीने गिऱ्हाइकांना मेल पाठवला की यंत्रणेची नवी, आणखी प्रगत आवृत्ती आली आहे. एमानला केरूने अस्सल चोक बसवून दिला, नऊ फेरे, दोन बोटांनी. शनिवारी ती निवडली गेली. केरूच्या पत्रावर लॅन्सीने सही केली आणि वर म्हणाला, "बघ, मी तुला कधी अडवलंय का?"

नळी फुटली त्याच रात्री केरूने घरी फोन लावला होता. स्वप्नालीला सगळं सांगितलं. यंत्रातला भटजी, गोत्र, घरकामाची आवड, केळफूल. ती पोट धरून हसली. मग थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना? त्याची आई दचकली ते."

"दिसलं होतं."

"मलापण," ती म्हणाली. मग तिने त्याला गुडघ्याच्या वाटीचं इंग्रजी नाव म्हणायला लावलं.

अबरार उस्तादच्या व्हिसाचा अर्ज भरायला कंपनीला तीन आठवडे लागले, कारण हुद्द्याच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नव्हतं. लॅन्सीने 'सीनियर' सुचवलं, विघ्नेशने 'कन्सल्टंट'. केरू म्हणाला, बंदुकीचा मिस्तरी लिहा. बारा डिसेंबरला मंजुरी आली. केरूने दुपारच्या सुट्टीत टेबलाशी बसून नापास डब्याचा फोटो काढला. डबा पुन्हा भरला होता. त्याखाली आवाजात निरोप पाठवला: "उस्ताद, व्हिसा आ गया. टेबल पोंछ के रखा है. आ जाओ."

संध्याकाळी उत्तर आलं. आवाज उस्तादच्या मुलीचा होता, रुकय्याचा. ती म्हणाली, अब्बांचा फोन आता माझ्याकडे असतो. तुम्ही दिलेला निरोप मी अम्मीला ऐकवला. शेवटच्या दिवसांत त्यांना डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण माझ्या धाकट्याची सायकल त्यांनी चाचपून दुरुस्त केली.

केरूने फणी खिशातून काढून टेबलाच्या खिळ्याला टांगली. ती अजून तिथेच आहे.

अबरार उस्ताद रविवारी, तीन डिसेंबर दोन हजार तेवीसला, सकाळी, पाकिस्तानातल्या गुजरातमध्ये आपल्या घरी वारला.